हसणाऱ्याचा तोल

वॉटी गौर्ले हसला की बंदरावरचे सीगल उडतात, असं पिटलोरीत म्हणायचे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. माणूस बुटका, छाती पिंपासारखी. बापाप्रमाणे त्याचाही धंदा छपरांवर स्लेटची कौलं बसवण्याचा. उभा जन्म वरून खालच्या गड्यांना ओरडून सांगण्यात गेल्यामुळे त्याची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. स्कॉटलंडच्या या फाइफ किनाऱ्यावर वारा असा की चर्चच्या उतरत्या छपरावर नुसतं उभं राहणं हेच निम्मं काम. वॉटी तिथे तोंडात खिळे धरून उभा राही आणि वर शीळ घाली. कशी, ते देव जाणे.

तोच तोल त्याच्या गोल्फमध्ये होता. पिटलोरीत गोल्फ सगळेच खेळतात. खाटीक खेळतो, मास्तर खेळतो, पाद्रीही खेळतो, आणि तो हरला असेल तर त्या रविवारचं प्रवचन लांबतं. पण वॉटीचा स्विंग बघायला माणसं आपला खेळ सोडून थांबत. खांदे मागे असे फिरायचे की पाठ थेट चेंडू जिथे घालायचा त्या झेंड्याकडे व्हायची. मग आधी कंबर सुटायची आणि तिच्यामागून हात. चेंडू निघून गेला तरी गडी डाव्या पायावर ताठ उभा, खुशाल फोटो काढून घ्यावा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पिटलोरीत स्विंग शिकायचा नसतो. पोरं बापाची मोडकी काठी घेऊन मैदानात जातात आणि ज्याला जसा येईल तसा येतो. पैसे देऊन शिकायला जाणं म्हणजे जेवताना घास कुठे घालायचा हे विचारायला जाण्यासारखं. आणि ज्याला येत नाही त्याला हसायचं असतं. हसणाऱ्यांत वॉटी पहिला.

क्लबचा नवा कॅप्टन निवडला गेला की वसंतातल्या एका शनिवारी त्याने क्लबघराच्या खिडक्यांखालच्या टीवरून, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या जागेवरून, सगळ्या गावासमोर एक फटका मारायचा. एकच. फटक्याबरोबर छोटी तोफ उडते आणि समोर मैदानात उभे असलेले सभासद त्या चेंडूवर तुटून पडतात. ज्याच्या हाती चेंडू लागेल त्याला कॅप्टनकडून व्हिस्कीची बाटली. पण खरी गंमत उभं राहण्यात असते. कॅप्टनचा चेंडू जिथवर जाईल असं वाटतं, तिथे जाऊन माणसं उभी राहतात. म्हणजे तोंडाने चकार शब्द न काढता गाव कॅप्टनला त्याची लायकी सांगून मोकळं होतं.

अँड्रा टुलक कॅप्टन झाला, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. अँड्रा गावचा बेकरीवाला, वॉटीच्या चौकडीतला, वर्षानुवर्षांचा जोडीदार. स्वभावाने गरीब. त्या हिवाळ्यात त्याचा खेळ पार ढेपाळला होता. पाय घासत चालायचा, आणि फटका मारून झाला की पुढे धडपडायचा. वॉटीला वाटलं, लेकाचा चोरून प्यायला लागलाय. त्या शनिवारी वॉटीने सगळं टोळकं घेतलं आणि ढेकूळ फेकलं तरी पोचेल इतक्या जवळ नेऊन उभं केलं. तेवढ्यावर भागलं नाही. तो स्वतः गवतावर आडवा झाला, टोपी तोंडावर ओढली आणि घोरायला लागला. गाव हसून हसून लोटपोट झालं. अँड्राही हसला. मग त्याने काठी उचलली, फिरवली, आणि तोफ उडाली तेव्हा तो दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर होता. चेंडू घरंगळत येऊन वॉटीच्या बुटांपाशी थांबला.

सगळेच हसले, पण ऐकू आला तो वॉटी. हसता हसता तो ओरडला, "अँड्रा झाला रे, अँड्रा झाला!" तो शब्द गावाला असा चिकटला की पुढे कुणी पायरीवर अडखळलं, कुणाच्या हातून कपबशी पडली, कुणाची सायकल कलंडली, की ‘अँड्रा झाला’.

वर्षभराने कळलं की ते पिणं नव्हतं, कंपवात होता. अँड्राने त्या शनिवारनंतर काठी धरली नाही. पुढे तो गेला, तेव्हा शवपेटी कबरीत उतरवायच्या दोरांपैकी एक दोर घरच्यांनी वॉटीच्या हातात दिला. हा मान जवळच्यांनाच मिळतो. वॉटीला वाटलं, दोर टाकून पळून जावं. समोर अँड्राची मुलगी ऱ्होना उभी होती, शाळेच्या कोटातच आलेली. वॉटीने तिच्याकडे बघितलं नाही, आणि त्यानंतरही कधी बघितलं नाही. ती रस्त्यात समोरून आली की तो जे दुकान दिसेल त्यात शिरायचा. एकदा तर बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात शिरला आणि दुकानातल्या बाईंनी ‘काय दाखवू?’ विचारल्यावर घामाघूम होऊन तसाच बाहेर पडला.

वर्षं गेली. वॉटी पिकला. आणि जन्मात चर्चच्या छपरावरून न पडलेला हा माणूस घरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला आणि डावा खुबा मोडून बसला. इस्पितळात त्याने सगळ्यांना सांगितलं, छपरावरून पडलो. आपल्या चर्चच्या छपराचं काही बिघडलंय की काय या काळजीने पाद्री भेटायला आला, तेव्हा वॉटीची बायको नेट्टा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

खुबा नवा बसला, चालणंही सुधारलं. पण काठी हातात घेतली आणि डाव्या पायावर भार टाकायची वेळ आली की आतून कुणीतरी ‘नको’ म्हणे. मग उरले नुसते हात. चेंडू कधी गवतात जाई, कधी पायाशीच राही, आणि वॉटी मागच्या मागे झोकांडी खाई. तो भल्या सकाळी एकटाच मैदानाच्या पार त्या टोकाला जाऊ लागला, जिथे बघायला फक्त मेंढ्या असतात. चौकडीला सांगितलं, डॉक्टरने मना केलंय.

अशात क्लबची सभा झाली आणि डॉड इमरीने कॅप्टन म्हणून वॉटीचं नाव सुचवलं. डॉड गावचा नळवाला, वॉटीचा लहानपणापासूनचा दोस्त. "वॉटीच्या शनिवारी आपल्याला उभं राहायला होडी घेऊन समुद्रात जावं लागेल!" तो म्हणाला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नाही म्हणायला वॉटीने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बरं, तुमची इच्छा."  घरी जाताना त्याला सारखा गवतावर टोपी ओढून घोरणारा माणूस दिसत होता, आणि तो माणूस तोच होता. त्या हसण्याला तो आतून बाहेरून ओळखत होता. ते आपल्यावर उलटलं तर आपण उभे राहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऱ्होना टुलक शिकून परत आली होती आणि शेजारच्या बालमर्नोत तिने गोल्फ शिकवायला सुरुवात केली होती. एका शेताच्या कडेला पत्र्याची लांब शेड, समोर शेतात चेंडू मारायचे. वॉटी नोव्हेंबरातल्या एका पावसाळी मंगळवारी तिथे पोचला तो गाडी कुंपणामागे लावून, कॉलर कानापर्यंत ओढून. नेट्टाला सांगितलं होतं, बालमर्नोत एक जुना गडी आजारी आहे.

"या, मिस्टर गौर्ले," ऱ्होना म्हणाली. जणू रोजच भेटत होते. "छप्पर काही गळत नाहीये माझं."

"छपरासाठी नाही आलो." वॉटीने शेडच्या पत्र्याकडे बघितलं. धंद्याची सवय. "माझा एक मित्र आहे. त्याला जरा... त्याचा स्विंग जरा बिघडलाय."

"डाव्या पायाने लंगडतो का तुमचा मित्र?"

वॉटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "थोडासा."

"मग त्याला म्हणावं, कोट काढ आणि काठी घे."

तिने कॅमेरा लावला, त्याच्याकडून काही फटके मारून घेतले आणि टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर एक म्हातारा होता. मागे जाताना तो फिरत नव्हता, नुसता बाजूला सरकत होता. मग हातांनी चेंडूला झोडपायचा आणि उजव्या पायावर मागे कोलमडायचा. वॉटीच्या मनात आपला स्विंग अजून तिशीतला होता. बिघडला असेल, पण ओळखू येईल एवढा तरी असेल असं त्याला वाटत होतं.

"हा मी नव्हे," तो म्हणाला.

"स्वेटर तर तुमचाच आहे." तिने ते पुन्हा लावलं. "बघा. कंबर दारासारखी फिरायला हवी, बिजागरीवर. तुम्ही कपाट सरकवल्यासारखे सरकता. अंग फिरत नाही म्हणून हात धावतात, आणि हात धावले की तोल जातो. आणि खुबा डॉक्टरांनी छान बसवलाय, पण तुम्ही त्याच्यावर उभेच राहत नाही. भिता."

एवढं तोंडावर त्याला नेट्टाखेरीज कुणी बोललं नव्हतं.  पडद्यावर तो म्हातारा पुन्हा पुन्हा कोलमडत होता, आणि वॉटीला त्यात दुसराच कुणी दिसत होता. तिलाही दिसत असेल का, या विचाराने त्याने नजर पडद्यावरून काढली.

"फी नेहमीची," ऱ्होना टीव्ही बंद करत म्हणाली. "पण एक अट आहे. वसंतापर्यंत तुम्हाला त्या टीवर नीट उभं करीन. त्या दिवशी कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. पिटलोरीचा एक माणूस इथे फिरकत नाही. शिकायचं आणि वर बाईकडून, त्यातही टुलकच्या पोरीकडून. असंच चाललं तर ही शेड मला मेंढ्यांना द्यावी लागेल."

"सांगीन. देवाशपथ सांगीन," वॉटी म्हणाला. त्या क्षणी तो काहीही कबूल झाला असता.

मग हिवाळाभर मंगळवार चालू राहिले. तिने त्याला आधी काठीच दिली नाही. हात छातीवर घडी घालायचे, गुडघे जरा सैल, आणि नुसतं फिरायचं. उजवीकडे फिरताना उजवा खुबा मागे जायला हवा, बाजूला नाही. त्यासाठी तिने त्याच्या कुल्ल्याला टेकून खुर्ची ठेवली. खुर्ची सरकली की पुन्हा पहिल्यापासून. मग काठी दिली, पण दोन्ही पाय जुळवून. पाय जुळवून मारायचं म्हणजे जरा जोर केला की माणूस पडलाच. "जोर नको," ती म्हणे. "तोल सांभाळता येईल तेवढ्याच जोरात फिरा. जोर मागून येईल." मग डाव्या पायावर उभं राहून हळूहळू झोके. सगळ्यात शेवटी पुरा स्विंग, आणि संपल्यावर पट्ट्याचं बक्कल झेंड्याकडे, उजवी टाच वर, नुसता अंगठा जमिनीला, आणि चेंडू थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. पोराटोरांना शिकवावं तसं. चर्चच्या छपरावर जन्म काढलेल्या माणसाला एका पायावर कसं उभं राहायचं ते एक पोरगी सांगत होती, आणि त्याला ते येत नव्हतं. बाहेर गाडीचा आवाज आला की तो खांबामागे सरकायचा.  एकदा ऱ्होना म्हणाली, "दूधवाला आहे. त्याला गोल्फ कळत नाही."

घरीही सराव करायचा होता. एका संध्याकाळी नेट्टा बटाटे सोलत असल्याचा अंदाज घेऊन तो बैठकीच्या दाराच्या चौकटीत उभा राहिला, हात छातीवर घेतले आणि फिरायला लागला. डाव्या पायावर आला आणि झोक गेला. चौकट धरली म्हणून वाचला.

"अगदी अँड्रा झाला असता की," नेट्टा दारातून म्हणाली.

गावात सगळेच म्हणतात तसं ती सहज म्हणाली. वॉटी खुर्चीत बसला आणि त्याने तोंड हातात घेतलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं, बालमर्नोचा आजारी गडी, टीव्हीवरचा म्हातारा, अट, सगळं.

"मला वाटलं, या वयात बाई ठेवलीस," नेट्टा म्हणाली. मग तिने हातातली सुरी खाली ठेवली. "वॉटी, तू तिला तिच्या बापाबद्दल बोललास का काही?"

"नाही."

"बोल."

त्याने ठरवलं. पुढच्या मंगळवारी पहिल्यांदाच त्याचं अंग मोकळं फिरलं. फटका बसल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही, चेंडू वाऱ्यात सरळ गेला आणि तो डाव्या पायावर उभा होता. खुबा त्याला पेलत होता. ऱ्होनाने टाळी वाजवली. हसताना ती थेट बापासारखी दिसायची. वॉटीला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ऱ्होना. तुझे वडील," तो म्हणाला.

"हो?"

वॉटीने काठी या हातातून त्या हातात घेतली. "त्यांचे बन फार छान असायचे. मनुकांचे."

"हो," ती म्हणाली आणि चेंडू गोळा करायला वळली.

परतताना गाडीत तो स्वतःला मोठमोठ्याने शिव्या घालत होता. मनुकांचे बन! साठी उलटून गेलेला माणूस, आणि त्याच्या तोंडून निघालं काय, तर मनुकांचे बन.

तो शनिवार उजाडला. वारा होता, पण ऊन होतं. टीभोवती सगळं गाव जमलेलं, तोफेला बत्ती द्यायला क्लबचा माळी तयार. वॉटीने कॅप्टनचा लाल कोट चढवला होता. समोर डॉड इमरी टोळकं घेऊन चालत निघाला होता. जवळ थांबतील, वॉटीला वाटलं. आता थांबतील, आता आडवे होतील. ते थांबेनात. वाळूचा खड्डा मागे पडला, ओढा मागे पडला, आणि ओढ्यापलीकडे जाऊन डॉडने टोपी हलवली. तिथवर वॉटी भर तिशीत वारा पाठीशी असताना कधीतरी पोचला होता. त्यांचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. ते गवतावर झोपले असते तर परवडलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

नेट्टाने ऱ्होनाला बोलावलं होतं. दोघी गर्दी अडवायला बांधलेल्या दोरापाशी, पहिल्याच रांगेत होत्या. ऱ्होनाने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

तोल सांभाळेल तेवढंच, वॉटीने स्वतःला सांगितलं. तो फिरला. पाठ झेंड्याकडे गेली, खुबा मागे गेला, मग कंबर सुटली आणि हात तिच्यामागून आले. तोफेचा दणका झाला. चेंडू काही ओढ्यापलीकडे गेला नाही. बराच अलीकडे पडला आणि सगळं टोळकं ओढ्यात पाय भिजवत मागे धावलं. पण कॅप्टन गौर्ले डाव्या पायावर उभा होता, बक्कल समोर, उजवी टाच वर. गावाने जो गजर केला तो बंदरापर्यंत गेला असेल.

डॉड धापा टाकत आला आणि त्याने वॉटीच्या पाठीत थाप मारली. "लेका! डॉक्टरने मना केलं होतं ना? मला तर वाटत होतं तुझं आता संपलं. हा तोल कुठून आणलास? का गेला होतास कुणाकडे चोरून शिकायला?"

त्या नुसत्या कल्पनेनेच माणसं हसायला लागली. ऱ्होना हाताच्या अंतरावर होती. तिने आता त्याच्या तोंडाकडे बघितलं. वॉटीला तिचं नाव अगदी ओठांवर आल्याचं कळलं. मग त्याला आजूबाजूची ती हसायला टेकलेली तोंडं दिसली.

"कुणाकडे जाऊ?" तो म्हणाला. "जन्म छपरावर काढलाय मी. तोल काय दुकानात मिळतो?" आणि तो हसला. त्याचं ते हसू. सगळे त्याच्याबरोबर हसले.

नेट्टा हसली नाही. ऱ्होनाने पुढे होऊन हात पुढे केला, रीतीप्रमाणे. "छान मारलात, मिस्टर गौर्ले," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पहिल्यांदाच बघितला तुमचा फटका."  मग ती गर्दीतून निघून गेली. त्याचं खोटं तिने त्याच्यासाठी झाकून दिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे वॉटीला तेव्हा कळलं, लाल कोटात, टाळ्यांच्या गजरात.

घरी नेट्टाने ताट वाढलं, खिमा आणि बटाटे. मग म्हणाली, "स्टुलाचं खोटं मी खपवून घेतलं, वॉटी. ते तुझं स्वतःचं हाड होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बालमर्नोला गेला. गाडी कुंपणामागे नाही, दारासमोर लावली. ऱ्होना शेतातून भिजलेले चेंडू टोपलीत गोळा करत होती. तो तिच्या मागून चिखलात चालू लागला.

"माझी जीभच वळली नाही, पोरी," तो म्हणाला.

"वळली की. छपराचं सगळं नीट सांगितलंत."

"लाज वाटते मला."

"दिसतंय ते. पण इथे दिसून काय उपयोग? इथे काय, तुम्ही, मी आणि हे चेंडू."

वॉटी थांबला. "आणि तुझ्या बापाचं. त्या दिवशी मी..."

"मी टीच्या शेजारी उभी होते, मिस्टर गौर्ले. आईनं माझा हात धरला होता." तिने टोपली खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "बाबांना तेव्हा स्वतःलाही ठाऊक नव्हतं काय झालंय ते. घरी आले आणि म्हणाले, वॉटी मनाचा वाईट नाही, नुसता मोठ्यानं हसतो. शेवटपर्यंत तेच म्हणायचे. तुम्हाला दोर द्या, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

 वॉटी वाकला, चिखलातला एक चेंडू त्याने उचलला आणि टोपलीत टाकला.

"ती अट मी तुम्हाला का घातली ठाऊक आहे?" ऱ्होना म्हणाली. "तुमच्या आवाजासाठी. मला वाटलं, जो माणूस माझ्या बापाला एवढ्या मोठ्यानं हसला, तो माझं नावही तेवढ्याच मोठ्यानं घेईल. चूक माझीच." तिने टोपली उचलली आणि ती शेडकडे गेली. त्याने तिच्या हातातली टोपली घेऊ पाहिली, तर तिने ती दिली नाही.

तो रविवार होता, आणि रविवारी दुपारी क्लबघर भरलेलं असतं. खिडकीपाशी चौकडी बसली होती, नव्या कॅप्टनची खुर्ची मधोमध रिकामी ठेवलेली. वॉटी बसला. समोर बिअर आली. डॉड ओढ्यात कोण कोण पडलं ते रंगवून सांगत होता.

"मला ऱ्होना टुलकनं शिकवलं," वॉटी ग्लासकडे बघत म्हणाला.

"काय रे?" डॉड म्हणाला. "अजून एक हवी का?"

कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. ज्याची कुजबुज गल्लीच्या टोकाला जाते, त्या वॉटी गौर्लेचा आवाज टेबलापलीकडे गेला नव्हता. एक क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. बोललो की आपण. बोलायचं ते बोलून झालं, आता त्यांना ऐकू आलं नाही त्याला आपण काय करणार. डॉड पुन्हा ओढ्याकडे वळलासुद्धा. आणि त्या सुटकेचीच वॉटीला इतकी शिसारी आली की तो उठून उभा राहिला.

"मला ऱ्होना टुलकनं शिकवलं!"

आवाज छपराला लागला. स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत दारात आल्या.

"अख्खा हिवाळा. बालमर्नोला. चोरून जायचो मी. तिचं नाव सांगीन म्हणून शब्द दिला होता, आणि काल तिच्या तोंडावर फिरवला. आणि तिचा बाप तिथे पडला, तेव्हा तो आजारी होता. माझा जोडीदार होता तो. आणि मी गवतावर घोरत पडलो होतो." त्याला दम लागला. "तो पडला म्हणून हसलो मी. तुम्ही सगळे ऐकलंत ते. तेव्हा हेही ऐका."

मग तो हसण्याची वाट बघत उभा राहिला. ते येणारच होतं, आणि आता ते अंगावर घ्यायची त्याची तयारी होती. पण डॉड खिडकीबाहेर बघत होता. मास्तरांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. खाटकाने आपले बूट निरखले. अँड्राच्या त्या शनिवारी ते सगळे त्याच्याबरोबर त्या गवतावर उभे होते.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.